ब्लॉग मेला म्हणता, पण आमचा तांबेरा तिथंच सापडतो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तो लेख आला होता ना, आता ब्लॉग कोण वाचतंय, सगळे रील्सवर गेले वगैरे. लेख बरा होता, पण लिहिणाऱ्यांनी दिवेघाट चढून पलीकडे बघितलेलं काही दिसत नाही. म्हणून लिहायला बसले. मी नारायण पेठेत बावीस वर्षं डीटीपी करतेय आणि माहेर सासवडजवळ, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

आधी दुकानातलं सांगते. दोनेक महिन्यांपूर्वी गावाकडचे एक काका आले. २००६ साली आम्ही देवस्थानची स्मरणिका केली होती, त्यात एका गुरुजींनी गावातले जुने आड आणि बारव यांवर लेख लिहिला होता, तो पाहिजे म्हणाले, कारण बारवेतला गाळ काढायचा घाट घातलाय आणि पाणी कुठल्या अंगानं यायचं ते त्या लेखात होतं. छापील प्रत कुणाकडेच नाही. सीडी माझ्याकडे होती, नशीब. आता कॉम्प्युटरला सीडी लावायची सोय नाही म्हणून शेजारच्या प्रेसमधून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, फाइल पेजमेकरची, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, म्हणून माळ्यावरचं जुनं मशीन खाली काढलं, ते चालू झालं हेच विशेष, आणि फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली, मधेच पौंडाची खूण, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. काका माझ्याकडे बघतायत, मी काकांकडे.

आमच्या धंद्यातल्यांना हे नवीन नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. तेव्हाचे मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच असायचे. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र आणून बसवलेलं, आणि ते कुठल्या घरात बसवायचं हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथं देवनागरीला १२८ घरं कायमची दिलीत, क चा नंबर ०९१५ म्हणजे ०९१५, मग फॉन्ट कुठला का असेना आणि मशीन पुण्यातलं असो नाहीतर टोकियोतलं. सर्चमध्ये मराठी शब्द टाकल्यावर मराठी पान समोर येतं ते यामुळेच. आमची ती स्मरणिका मात्र कुठल्याच सर्चला दिसणारी नव्हती. माझा त्या फॉन्टचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती किल्ली, कधीच बिघडलाय. शेवटी बुधवार पेठेतल्या एका ओळखीच्याकडे फॉन्ट मिळाला, कन्व्हर्टरमधून मजकूर काढला, सगळे 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' तुटले होते ते हातानं नीट केले, आणि मग तो लेख गावाच्या ब्लॉगवर चढवला. चढवायला वीस मिनिटं लागली असतील. आता 'बारव' आणि गावाचं नाव टाकलं की पहिला तोच येतो.

गावाचा ब्लॉग म्हणजे फार काही नाही हो. ब्लॉगस्पॉटवरचं फुकटचं पान, रंगसुद्धा आधीपासून होता तोच ठेवलाय, बाजूला वर्ष-महिन्यांची यादी आपोआप येते. ब्लॉगर ही सोय १९९९ पासूनची, २००३ मध्ये गूगलनं घेतली. त्यानंतर गूगलनं ब्लॉग एकत्र वाचायचं स्वतःचं रीडर २०१३ ला बंद केलं, ऑर्कुट २०१४ ला, गूगल प्लस २०१९ ला, आणि हे बिचारं मागासलेलं पान चालूच आहे. उद्या हेही बंद करतील, त्यांचा काय भरवसा, म्हणून मी वर्षातून दोनदा सगळ्याची बॅकअप फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर टाकते, आणि महत्त्वाच्या पानांचे पत्ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून ठेवते, तिथं 'सेव्ह पेज' दाबलं की त्या दिवसाची नक्कल राहते, पैसे लागत नाहीत.

या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं काय असेल? यात्रा नाही, कुणाचा सत्कार तर नाहीच नाही. माझ्या चुलत्यांची अंजिरावरची टिपणं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, पण अंजिराच्या दोन बहारांपैकी खट्टा धरावा का मीठा, पानावर तांबेरा रोग आला तर काय करायचं, हे कोण लिहिणार? अण्णा लिहितात. लिहितात म्हणजे फोनला बोलून सांगतात आणि फोन टाइप करतो, 'तांबेरा' म्हटलं की तो 'तांबे राव' उमटवतो, अण्णा तसंच पाठवून देतात, मग मी नीट करते. त्यांचं एक टिपण बोर्डो मिश्रणावर, म्हणजे बुरशीवर फवारायच्या औषधावर आहे. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडी बादली वापरायची नाही, आणि फवारायच्या आधी द्रावणात विळ्याचं पातं बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. आता यात नवीन शोध काही नाही, कृषी खात्याच्या पुस्तिकांत असतंच. पण पुस्तिका बांधावर कोण घेऊन जातंय? ते टिपण २०१७ चं आहे आणि दर पावसाळ्यात त्याचे वाचक वाढतात, मागे दौंडकडच्या एकानं वाचून अण्णांना फोन केला, अण्णा दोन दिवस तेच सांगत होते सगळ्यांना.

अण्णांनी ह्याच गोष्टी व्हॉट्सॲप ग्रुपवर पण सांगितल्यात. पन्नास वेळा सांगितल्या असतील. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात पण परवाचा मेसेज मावत नाही, शुभ सकाळच्या फुलांखाली गेला तो गेला. आणि अण्णांचा मागचा फोन विहिरीत पडला तेव्हा चार वर्षांच्या गप्पा पण पडल्या त्यासोबत.

म्हणजे ग्रुप वाईट आहे असं नाही. निरोप द्यायला त्याच्यासारखं काही नाही. पण निरोप वेगळा आणि नोंद वेगळी, हे आपल्याकडे सगळं एकातच कोंबतात. एसटीचं वेळापत्रक घ्या. कुणीतरी कधीतरी स्टँडवरच्या बोर्डाचा फोटो काढला, तो फिरतोय अजून, त्यावर तारीख नाही काही नाही, माझी भाची त्या भरवशावर संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसली आणि ती गाडी बंद होऊन वर्ष झालं होतं. आता ब्लॉगवर एक पान केलंय, वर ठळक 'शेवटचा बदल' आणि तारीख. स्टँडसमोरचा रसवंतीवाला गाडी बदलली की मला कळवतो. सिस्टीम बिस्टीम एवढीच.

पालखीच्या वेळचं पण सांगते. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला दोन रात्री असते, त्या दिवसांत कुठल्या वाड्यात कुठली दिंडी उतरली, टँकर कुठं लागलाय, कुणाकडे किती जणांचं जेवण, हे आधी एका वहीत असायचं आणि ती वही ज्याच्याकडे तो नेमका रांगेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या पोरांनी गूगल शीट केलं, सगळ्यांना उघडं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी जेवणाचा अख्खा कॉलम उडवला, कुणी ते आजवर कबूल केलेलं नाही. एका पोरीनं व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे शीटच्या आधीच्या प्रती जपलेल्या असतात तिथं, जाऊन सकाळचं शीट परत आणलं, पाच मिनिटांत. वहीत भाजी सांडली असती तर काय केलं असतं?

आता तुमच्याकडे वळते, रागावू नका. तुमच्या जिल्हा पानावर जे छापून येतं, जुन्या पुलाची माहिती, बाजारभाव, कुठल्या गावचं तळं कुणी बांधलं, ते सोनं आहे, पण ई-पेपरवर त्याचं निव्वळ चित्र असतं. त्याची कात्रणं ग्रुपवर फिरतात, कापताना तारीख निघून जाते आणि तीन वर्षांपूर्वीची पाणीकपात पुन्हा सुरू होते! आमच्याकडे तर एकदा त्यावरून लोकांनी पिंपं भरून ठेवली होती. लोक म्हणतील आता फोनचा कॅमेरा चित्रातला मजकूर पण वाचतो. वाचतो की, पण आधी ते चित्र हातात यायला पाहिजे ना. सरकारी कचेऱ्यांची पण तीच तऱ्हा, नोटीस टाइप करतात, प्रिंट काढतात, शिक्का मारतात, मग स्कॅन करून तिरकी पीडीएफ चढवतात. टाइप केलेला मजकूर तिथं असतो हो, बाजूच्या मशीनमध्येच!

माझी मागणी फार मोठी नाही. जिल्हा पानावरचा मजकूर, निदान लेख आणि वाचकांची पत्रं, वेबसाइटवर मजकूर म्हणूनच टाका, प्रत्येकाला त्याचा पत्ता द्या आणि तो पत्ता साइट नवी केली म्हणून बदलू नका. कात्रणाच्या कोपऱ्यात तारीख आपोआप छापून येईल एवढं तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगा. दोन वर्षांपूर्वी माझं एक पत्र तुम्ही छापलं होतं, फुटपाथवरच्या फ्लेक्सबद्दल, ते आज मलाच सापडत नाहीये.

हे पत्र युनिकोडमध्येच टाइप केलंय. तुमच्याकडे पानं लावताना ते तुमच्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करतील, मला माहितीये, मी पण तेच करते दिवसभर. फक्त ऑपरेटरला सांगा, 'दुसऱ्या', 'कचेऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द एकदा डोळ्याखालून घाल. तिथंच तुटतं.

आपली,
एक डीटीपीवाली
नारायण पेठ, पुणे ३०