बिअरचे कारखाने इथे, चव मात्र परगावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळूज परिसरात बिअरचे मोठे कारखाने असूनही ताज्या, न गाळलेल्या क्राफ्ट (छोट्या प्रमाणावर बनवलेल्या) बिअरचे नवनवे प्रकार चाखण्यासाठी मला कामानिमित्त होणाऱ्या पुण्याच्या फेरीचीच वाट पाहावी लागते. जर्मनीतील बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला येणारा केळ्या-लवंगेचा गंध हा बिअर आंबवणाऱ्या यीस्टच्या विशिष्ट वाणाचा असतो, त्यात फळ वा मसाला घातलेला नसतो, हे घरी आणलेली बाटली लहान पेल्यांत वाटून घेताना मित्रांना कितीदा सांगितले, तरी पटत नाही! बिअर ज्वारीचीही होते. आपल्या शाळूवर असा प्रयोग येथील उद्योजकांनी अवश्य करावा. मात्र २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात कपात करायला लावली होती, तेव्हा पाण्याचा हिशेब आधी मांडावा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर