खलनायकाला हवं काय होतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रपट आणि व्हिडिओ गेममधल्या गाजलेल्या खलनायकांचा तक्ता आला होता. शस्त्र कोणतं, ताकद किती, माणसं किती मारली, असे रकाने. सगळ्यात वर ‘अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटांतला थॅनोस, कारण त्याने एका चुटकीत निम्मी जीवसृष्टी संपवली. मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर २२ वर्षं खलनायक करतो आहे आणि या तक्त्याबद्दल माझी मनापासून तक्रार आहे. ताकदीमुळे खलनायक लक्षात राहत नाही. त्याला काय हवं होतं हे प्रेक्षकाच्या पोटाला कळलं, तरच तो घरापर्यंत सोबत येतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत नाटक चालतं. पहिली काही वर्षं माझा सावकार नुसता ओरडायचा. ‘मिस्टर इंडिया’तल्या अमरीश पुरींची नक्कल करत, ऑर्गनच्या सुरावर मी घसा फोडून हसायचो. लोक पेंगायचे. एका पहाटे रंग पुसत बसलो होतो, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरने विचारलं, “बाबू, तुया सावकारानं सकाळपासून का खाल्लन?” मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या प्रयोगात कुळाच्या धानाची पोती उचलून नेल्यावर मी खाली वाकलो. मंचावर सांडलेला एक दाणा चिमटीत धरला, धोतराला पुसला, तोंडात टाकला आणि टरफलासकट सावकाश चावला. संवाद एकही नाही. शामियान्यातली कुजबुज थांबली. समोर बसलेल्यांनी नुकतंच धान चुरलं होतं, त्या एका दाण्याचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. सकाळी चहाच्या टपरीवर एक आजी जवळ आली. “दाना खानारा तूच का रे?” एवढं विचारलं आणि तोंड फिरवून निघून गेली. इतकी मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही.

म्हणून ‘तुंबाड’मधला हस्तर मला फार जवळचा वाटतो. २०२४ मध्ये तो चित्रपट पुन्हा लागला तेव्हा भाच्याने नागपूरला नेऊन दाखवला. पूर्तीच्या देवीचं हे पहिलं लेकरू. सोनं त्याने घेतलं, पण अन्नाला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने वाचवलं, पण त्याची पूजा कोणी करायची नाही या अटीवर. तेव्हापासून तो उपाशी आहे. लंगोटीत सोन्याच्या मोहरा आणि झडप घालतो ती पिठाच्या बाहुलीवर! धानाच्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मला तर त्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा विहिरीत उतरणारा विनायकच जास्त भयंकर वाटला. त्याचं पोट भरलेलं होतं.

व्हिडिओ गेमची बटणं दाबणं मला जमत नाही. भाचा खेळतो, मी बाजूला बसून बघतो. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये बाल्डर आहे. त्याला मरण येऊ नये म्हणून त्याच्या आईने, फ्रेयाने, मंत्र घातला. मरणासोबत बाकीचंही सगळं गेलं. ना वेदना, ना चव, ना ऊन, ना थंडी. गेमचा नायक क्रेटोस, त्याच्या दारात येऊन तो मार खातो आणि त्याला काहीच लागत नाही. आपल्या आंब्यावर वाढतं तसल्या एका बांडगुळाच्या बाणाचं टोक शेवटी त्याच्या हातात घुसतं, मंत्र तुटतो, आणि दुखलं म्हणून तो आनंदाने हसतो! मरताना अंगावर बर्फ पडत असतो आणि तो फक्त बर्फाचं नाव घेतो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामाजी, याला मारून बरं नाही वाटलं.” त्याच गेममध्ये त्याने कितीतरी राक्षस कापले होते, त्यातल्या एकाबद्दलही असं बोलला नव्हता.

थॅनोस मलाही आठवतो, पण चुटकीमुळे नाही. सगळं उरकल्यावर तो एका खोपटासमोर एकटाच बसतो, समोर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि उगवता सूर्य. एवढा संहार करून त्याला हवी होती ती ही निवांत बसायची जागा. धान कापून झालं की आमच्याकडे माणूस बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, असाच बसतो. ते बसणं बघून मी शहारलो.

तेव्हा संपादक महोदय, पुढच्या तक्त्यात ‘त्याला काय हवं होतं’ असा एक रकाना कृपया वाढवा. मारलेल्यांच्या आकड्याचा रकाना काढला तरी चालेल. आणि आमच्या वडस्याच्या नाटक कंपन्यांमधल्या खलनायकांनाही त्यात जागा द्या. यंदाच्या मंडईत आपला वार्ताहर पाठवा, त्याच्या जेवणाची, झोपण्याची सोय मी करीन. मात्र त्याला मध्येच उठू देऊ नका. दाणा तिसऱ्या अंकात आहे.

आपला नम्र,
एक झाडीपट्टी कलावंत
ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली