आशाताईंपासून ताप लपवू नका

उदगीर

ती. आई आणि अण्णांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर स्वाईन फ्लूच्या सर्व्हेवरून अण्णा भलतेच चिडले होते. ‘आशा सेविका येते, ताप कुणाला विचारते, नाव लिहून नेते. तपासणी नाही, इंजेक्शन नाही. हा कसला इलाज?’ अण्णा, ते नाव लिहिणंच आत्ता मोठं काम आहे. कोणत्या गल्लीत तापाची घरं वाढली, हे आरोग्य केंद्राला त्या यादीवरूनच कळतं.

तपासणीसाठी घशाचा नमुना सगळ्यांचा घेत नाहीत, गरजही नसते. सरकारी नियमात रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. साधा ताप-खोकला असेल तर घरीच आराम, दोन दिवस लक्ष ठेवायचं. धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं, नखं निळी पडली तर तो क. त्याला लगेच भरती करतात आणि नमुना त्याचाच घेतात. मधल्या ब गटात जास्त तापाचे पेशंट येतात, आणि साधाच ताप असला तरी पासष्टीपुढचे, गरोदर बाया, शुगर-दम्याचे लोकही.

म्हणजे अण्णा, तुमची शुगर बघता तुम्हाला ताप आला की तुम्ही सरळ ब. आपली वहिनीसुद्धा. रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर टॅमीफ्लू ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी देतील, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पण ती पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग. तुमची रीत मला ठाऊक आहे: तीन दिवस अंगावर काढायचं, चौथ्या दिवशी सलाईन लावून यायचं. सलाईननं तरतरी येते, विषाणू जात नाही. अँटिबायोटिकनंही जात नाही.

मी घरोघर सर्व्हेला जाते तेव्हा लोक आमच्यापासूनही ताप लपवतात. परवा एका घरात आजी दारातच आडव्या उभ्या. ‘आमच्याकडं समदे ठणठणीत हायेत,’ म्हणाल्या, आणि आतून नातू असा खोकला की ओसरीवरचं मांजर पळालं. मग हसल्या आणि आत घेतलं. भीती काय, तर गावात बोभाटा होईल. २००९ साली स्वाईन फ्लूच्या नावानं लोक हादरले होते, ती धास्ती अजून गेलेली नाही. तोच विषाणू आता मोसमी फ्लूसारखा येत राहतो. लाजायचं त्यात काय?

आई, येळवसच्या सणाला शेतातल्या कोपीत एवढी दाटी होती, तेव्हा आता कुणी खोकत आलं तर वहिनीला त्यांच्यापुढं चहा घेऊन पाठवू नकोस. तापाच्या माणसाचा टॉवेल वेगळा, खिडकी उघडी. काढा खुशाल दे, पण गोळीच्या बदल्यात नको. आणि १०८ नंबर फोनशेजारी भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा, अण्णांना चष्म्याशिवाय दिसेल एवढा.

अण्णांची शुगर या महिन्यात तपासली का? तुरीची रास झाली का, तेही कळवा.

तुमची,
ताई