पेटतो म्हणजे कशाच्या तुलनेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील मेंदूवरचा लेख वाचला. ‘दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना हा भाग पेटतो’ हे पालुपद पानभर आहे; कशाच्या तुलनेत, ते मात्र कुठेही नाही. मेंदूचा कोणताच भाग एरवी विझलेला नसतो. एफएमआरआयमधला (मेंदूचे काम टिपणाऱ्या चुंबकीय स्कॅनमधला) रंगीत ठिपका म्हणजे दोन कामांच्या वेळी मिळालेल्या संकेतांतला फरक, तोही रक्तातल्या ऑक्सिजनवरून काढलेला. तुलनेचे काम बदला, ठिपका बदलेल.

सॅक्स आणि कॅनविशर या मेंदू-संशोधकांच्या २००३ च्या प्रयोगाचे नाव घेतलेत आणि नेमकी त्यातली खुबी गाळलीत. एका प्रकारच्या गोष्टीत कुणाची तरी चुकीची समजूत असते. दुसऱ्या प्रकारात फोटो काढल्यानंतर वस्तू हलवलेली असते आणि विचारतात, फोटोत ती कुठे दिसेल? दोन्हीकडे वाचन आहे, आणि आता खरी नसलेली गोष्ट डोक्यात धरून ठेवणेही आहे. मन फक्त पहिलीत आहे. मेंदूत कानाच्या वर-मागे असलेल्या टेम्पोरोपरायटल जंक्शन या भागाचा प्रतिसाद पहिलीत जास्त आला, म्हणून त्याला काही अर्थ. तुलनेला कोरा पडदा ठेवला असता तर नुसते वाचनही ‘सामाजिक’ ठरले असते!

बरे, एवढ्यानेही निकाल लागत नाही. पडद्यावरच्या बाणाने एकीकडे खुणावले आणि खूण उमटली दुसरीकडे, की लक्ष वळवावे लागते. यात माणूस नाही, मन नाही; तरी उजवीकडचा जवळपास तोच भाग कामाला लागतो, हे मिचेल या संशोधकाने २००८ मध्ये दाखवले. त्यावरचा वाद आपल्या लेखात एका ओळीलाही महाग झाला.

अमिग्डालाला, म्हणजे मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या भागाला, ‘भीतीचे केंद्र’ म्हणून आपण मोकळे झालात. एस. एम. या रुग्ण महिलेचे दोन्ही अमिग्डाला निकामी आहेत आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखता येत नसे. पण ‘डोळ्यांकडे पाहा’ असे सांगितल्यावर ती ओळखू लागली (अ‍ॅडॉल्फ्स व सहकारी, २००५). तिची नजर आपणहून डोळ्यांकडे वळतच नव्हती. मग बिघाड भीतीचा की नजरेचा?

जाता जाता, चित्राविषयी. मजकुरात ‘उजवा’ आणि ठिपका पानाच्या डाव्या बाजूला. रेडिओलॉजीच्या रिवाजानुसार ते बरोबरही असेल, कारण तिथे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. पण कडेला ‘उ’ किंवा ‘डा’ छापायला शाई किती लागते? कोणता रंग म्हणजे किती फरक, हे सांगणारी रंगपट्टीही कापलेली. लाल म्हणजे किती, हे वाचकाने कसे ओळखायचे? मूळ चित्र पट्टीसकट पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक