आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होऊ न दिल्याबद्दल

मामा,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मारुती ८००च्या पुढून खटखट आली की बहुतेक ठिकाणी गॅरेजमध्ये पहिला शब्द ऐकू येतो तो ‘शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अॅब्सॉर्बर) गेले’. आमची गाडी दुरुस्त करताना तुम्ही तो उच्चारलाच नाहीत, म्हणून हे पत्र. काम काय केलंत आणि ते का बरोबर होतं हे सविस्तर लिहितो आहोत. आठशे अजून चालवणाऱ्यांना ते उपयोगी पडेल आणि तुमच्या हाताखालच्या पोरांनाही वाचून दाखवता येईल. शेवटची ८०० जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे आता रस्त्यावर असलेल्या एकूण एक आठशेचं रबर म्हातारं आहे.

पाना हातात घेण्याआधी तुम्ही गाडी मोकळ्या जागेत पायी चालण्याच्या वेगाने पुढे घेऊन ब्रेक मारलात, मग रिव्हर्समध्ये घेऊन ब्रेक मारलात. दोन्ही वेळा एकेक ‘टक’. अर्धं निदान तिथेच झालं. आठशेच्या लोअर आर्मला (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला) आतून एकच बोल्ट असतो, त्यामुळे चाकाला पुढेमागे सरकण्यापासून तो एकटा रोखू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर रॉड करतो. त्याची टोकं दोन्ही आर्ममधून जातात आणि प्रत्येक टोकाला आर्मच्या पुढे एक, मागे एक असे रबरी बुश असतात. बुश चेपले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, रिव्हर्समध्ये पुढे येतं. शॉकअपचा आवाज असा ब्रेकच्या तालावर येत नाही. दोन बाजूंचे बुश कमीजास्त झिजलेले असतील, तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते ती याच कारणाने. मग उगाच ब्रेकचे कॅलिपर खोलले जातात.

त्यानंतर चाक उचलून केलेली तपासणी. वर-खाली धरून (घड्याळाचे १२ आणि ६) हलवलं तर थोडा प्ले (ढिलेपणा). लगेच पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलंत. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर व्हील बेअरिंग, पण तो तसाच राहिला. मग टॉमी (लोखंडी दांडा) आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये घालून अलगद उचकलंत आणि त्या दोघांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा गोळा त्याच्या घरात हलताना डोळ्यांनी दाखवलात. चाक लटकत असतानाच हे बघायचं, हेही पोराला सांगितलंत. ९ आणि ३ वर धरल्यावर डावा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) हलला, रॅक एंड (त्याच दांड्याचा आतला सांधा) ठीक निघाला. शेवटी स्प्रिंगवर हात ठेवून स्टिअरिंग फिरवायला लावलंत. स्प्रिंग अडकून उडी मारत नव्हती, म्हणजे वरचं माउंटिंग शाबूत. शॉकअपच्या दांड्यावर नुसता ओलसर धुळीचा थर होता, तेल ओघळलेलं नव्हतं. म्हणून तेही राहिले.

सामान एवढंच लागलं: दोन लोअर आर्म (आठशेला बॉल जॉइंट आर्मसोबतच येतो), रॉडच्या टोकांचे चार बुश, चासीवरच्या ब्रॅकेटचे दोन, डावा टाय रॉड एंड, बॉल जॉइंटचे दोन क्लॅम्प बोल्ट आणि नट सुटू नये म्हणून घालायच्या नव्या स्प्लिट पिना. जुना बॉल जॉइंट ‘टाइट करून’ द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. घर ठोकून चेपलेला गोळा चार दिवस घट्ट वाटतो, पण झिजलेला गोळा पुन्हा गोल होत नाही. तो निसटला तर चाक आडवं पडतं.

खोलताना पुढची दोन्ही चाकं एकदम उचललीत, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). एकच बाजू उचलली तर रॉड पिळलेला राहतो आणि नट सुटताच टोक उडतं. (कोकणातल्या गाड्यांना घोडा लावण्याआधी जॅकिंग पॉइंट टॉमीने टोचून बघायची तुमची सवय आम्हीही उचलली आहे. खारी हवा पत्रा आतून खाते.) क्लॅम्प बोल्ट बॉल जॉइंटच्या दांडीतल्या खाचेतून जातो. तो पूर्ण बाहेर आल्याशिवाय दांडी सुटत नाही, आणि बसवताना खाच समोर आली नसेल तर बोल्ट आत जात नाही. तिथे हातोडा घेतला की आटे गेलेच. टाय रॉड एंड सोडवताना नकलच्या कानाला दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकदम मारलेत, दांडीवर एकही घाव नाही. नवा बसवण्याआधी जुना काढताना फेरे मोजलेत. त्यामुळे अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी सरळ तरी चालली. नकल बाहेर ओढू दिला नाहीत हेही बरं केलंत. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सरकला की गिअर ऑइल जमिनीवर.

पण खरे आभार एकाच गोष्टीचे. आर्मचा आतला बोल्ट आणि रॉडचे नट चाकं लटकत असताना तुम्ही नुसते हाताने लावलेत. मग चाकं बसवून गाडी जमिनीवर घेतलीत, पुढून तीनचार वेळा दाबून सोडलीत आणि त्यानंतर गाडीखाली शिरून टॉर्क पान्याने आवळलेत. आर्मच्या बुशात आतली लोखंडी नळी बोल्टने पकडली जाते, बाहेरची आर्ममध्ये घट्ट असते, आणि आर्म वरखाली होतो तो मधलं रबर पिळून. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलं राहतं. वर प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळ. असं रबर काही महिन्यांत फाटतं, आणि मग दोष ‘डुप्लिकेट मालाला’ दिला जातो. माल कधीकधी डुप्लिकेट असतोही. पण अस्सल बुशसुद्धा असा बसवला तर टिकत नाही.

बुशला ग्रीस किंवा जळकं ऑइल लावायला पोरगा निघाला होता, त्याला तुम्ही साबणाचं पाणी दिलंत. तेलाने रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं.

तुम्ही काढलेले जुने बुश आम्ही ठेवून घेतले आहेत. रॉडच्या डाव्या टोकाचा मागचा बुश बघण्यासारखा आहे. गोल भोकाचं लंबगोल झालंय, एका बाजूचं रबर वहीच्या पुठ्ठ्याएवढं पातळ उरलंय आणि वॉशरची कड त्यात इतकी रुतलीय की नखाने निघत नाही.

एक छोटी तक्रार. टो (चाकं समोर किती सरळ आहेत ते) तपासायला उशीर करू नका असं तुम्ही म्हणालात, पण ते बिलावर लिहून द्यायला हवं. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट केलं नाही तर टायरची कड करवतीसारखी होते, आणि गिऱ्हाईक तुमच्याच नावाने बोटं मोडतं.

पाचशे किलोमीटर झाले की नट तपासायला येतो. स्प्लिट पिना घेऊन येतो, जुन्या परत वापरायच्या नाहीत हे लक्षात आहे.

आपली,
आठशेवाली मंडळी