राजीनाम्याच्या फॉर्मवर खरं कोण लिहील?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कर्मचारी टिकवण्याविषयीचा लेख काल वाचला आणि रात्री झोपेपर्यंत डोक्यातून गेला नाही. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण नोकरी सोडणारे बहुतेक जण ‘वैयक्तिक कारण’ देतात, म्हणजे कंपन्यांचं फारसं चुकत नाही, हल्लीच्या माणसांनाच धीर नाही, हा त्यांचा निष्कर्ष वाचून गप्प बसवेना. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होतो. ते ‘वैयक्तिक कारण’ कसं लिहिलं जातं, ते मी शेजारी बसून पाहिलेलं आहे.

आमच्याकडे बोरिंग मशीनवर एक कारागीर होता. पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, बोअर करायचं, आतलं गोल भोक नेमक्या मापाला आणायचं, हे त्याचं काम. कास्टिंग, म्हणजे ओतीव कवच, मशीनवर चढवण्याआधी तो हातोडीने वाजवून बघायचा आणि आतून पोकळ असेल तर तिथेच बाजूला काढायचा. टूलचा आवाज जरा बदलला की मशीन बंद. आम्ही गेज लावून मोजायचो, तर भोक एका टोकाला अरुंद, म्हणजे शतांश मिलिमीटरचा टेपर, खरोखर निघायचा. त्याच्या ड्रॉवरमध्ये पितळी पत्र्याच्या शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ पट्ट्या, असायच्या, कागदाच्या पुड्यांत बांधलेल्या. प्रत्येक पुडीवर गुजरातीत लिहिलेलं असे, कुठल्या पॅटर्नचं (ओतकामाच्या नमुन्याचं) कास्टिंग असेल तर फिक्स्चरच्या, म्हणजे ते घट्ट धरणाऱ्या चौकटीच्या, कुठल्या कोपऱ्यात ती घालायची. ड्रॉइंगवर यातलं अक्षरही नव्हतं. फाउंड्रीचे पॅटर्न झिजले होते, कास्टिंग थोडं वाकडं यायचं, त्यावर त्याने स्वतः शोधलेला हा इलाज होता.

त्याच्या आईला डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, तेही सकाळीच, चार तास मशीनवर आणि वर नेण्या-आणण्याचा वेळ वेगळा. घरात दुसरं करणारं कोणी नाही. आमच्याकडे पाळ्या दर आठवड्याला बदलत. त्याने अर्ज केला की मला कायमची दुसरी पाळी द्या. म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा, जी टाळायला सगळे धडपडतात तीच पाळी तो मागत होता. पगारवाढ नको, रजा नको. पहिल्या पाळीत यायला दोन जण आनंदाने तयार होते. मी अर्जावर शिफारस लिहिली. उत्तर तोंडी आलं, “एकाला दिलं तर उद्या दहा जण मागतील.” तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “साहेब, दहा जणांच्या आईला डायलिसिस लागलंय का?” काय उत्तर देणार होतो मी? त्या वेळी गेटजवळच्या फलकावर महिन्याचा उत्कृष्ट कामगार म्हणून त्याचाच फोटो होता.

दोन महिने त्याने कसेबसे काढले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात खाडे पडले, खाड्यांचा पगार कापला गेला, मग मेमो आला. शेवटी त्याने राजीनामा दिला. कागदपत्रांना मदत म्हणून मी त्याच्यासोबत ऑफिसात गेलो. फॉर्मवर नोकरी सोडण्याचं कारण विचारलं होतं. चांगली संधी, पुढील शिक्षण, विवाह किंवा स्थलांतर, वैयक्तिक. त्याने तिथल्या मुलीला विचारलं, “खरं लिहू का?” ती बिचारी भली होती. हळूच म्हणाली, “भाई, अजून तुमचा हिशोब व्हायचाय.” त्याने ‘वैयक्तिक’वर खूण केली आणि सही केली.

आपल्या लेखकाच्या तक्त्यात ही खूण मोजली जाते. राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, दर वर्षामागे पंधरा दिवसांची ग्रॅच्युइटी आणि पुढच्या दारात दाखवायचा अनुभवाचा दाखला, या सगळ्यावर ज्यांची सही लागते त्यांच्याच तोंडावर त्यांची चूक कोण लिहून देईल? अशा फॉर्मांची बेरीज करून माणसं का सोडून जातात हे कळत नाही. माणूस जाताना किती घाबरलेला असतो, तेवढंच कळतं.

तो गेल्यावर काय झालं तेही सांगतो. त्याच्या जागी एजन्सीला पैसे देऊन माणूस आणला, त्याच्यापेक्षा जास्त पगारावर. तोही वाईट नव्हता, पण त्याला शिम कुठे घालायच्या हे कोणी सांगणार? मधल्या काळात 5 एसचं, म्हणजे कारखान्यातल्या स्वच्छता-टापटिपीचं, ऑडिट आलं म्हणून तो ड्रॉवर साफ केला गेला आणि सगळ्या पुड्या भंगारात गेल्या. माझ्या खोलीच्या भिंतीला नापास केसिंगांची रांग लागली. त्यावर मीटिंग झाली आणि विषय काय, तर कुशल मनुष्यबळाचा तुटवडा! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लेखात कॅन्टीनच्या नव्या रंगाबद्दल, वाढदिवसाच्या केकबद्दल, टेबल टेनिसबद्दल रकाने भरले आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या, नोकरी सोडणाऱ्याचं राहिलेलं वेतन आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे, मुदतीच्या करारावरच्या माणसालाही एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी मिळायची आहे, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. माझं म्हणणं एवढंच की हिशोब चुकता करा, दाखला हातात द्या, आणि मग महिन्याभराने, कंपनीबाहेरच्या कोणाला तरी पाठवून विचारा की बाबा रे, का गेलास. आणि जे अजून कामावर आहेत त्यांचा अर्ज टेबलावर आला की निदान वाचा.

बंधपत्राची, म्हणजे ठरलेली वर्षं न भरता नोकरी सोडली तर पैसे भरायच्या बाँडची, जी तरफदारी लेखात केली आहे तिच्याबद्दल तर बडोदेकराने बोललंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका सरकारी बँकेचं तीन वर्षांचं आणि दोन लाखांचं बंधपत्र वैध ठरवलं, हे खरं आहे. त्या बँकेचा भरतीवर खर्च होतो, तो वाया जाऊ नये, हेही समजतं. पण बंधपत्राने माणूस टिकतो हे कोणी सांगितलं? याच शहराचा इतिहास बघा. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अरविंद घोषांना इथे नोकरीवर आणलं, 1910 मध्ये ग्रंथालयांसाठी बॉर्डन यांना थेट अमेरिकेहून बोलावलं. माणूस पारखण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. 1913 मध्ये त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षं सेवा करण्याचा करार झाला. 1917 मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्यात आले. कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. कमाटीबागेत बसून गाडीची वेळ होईपर्यंत वाट पाहिली आणि ते मुंबईला निघून गेले. त्या अन्यायाची बरोबरी दुसऱ्या कशाशीही होत नाही आणि मी ती करतही नाही. एवढंच म्हणतो, की दहा वर्षांच्या लेखी करारापुढे आणि महाराजांच्या मर्जीपुढेही कचेरीतला शिपाई आणि धर्मशाळेचं दार भारी ठरलं. ज्या शहरात हे घडलं, तिथल्या वाचकांसमोर तरी बंधपत्राची वाहवा करू नये.

आता एक तक्रार थेट आपल्याविरुद्ध. ज्या पुरवणीत हा लेख आहे, तिच्याच शेवटच्या पानावर ‘पाहिजेत’च्या जाहिराती आहेत. ‘आकर्षक पगार’, ‘पगार मुलाखतीत’, ‘वय 30च्या आत’. एकाही जाहिरातीत रुपयांचा आकडा नाही, पाळीची वेळ नाही, आठवड्याची सुट्टी कुठली ते नाही. मांजलपूरहून, वाघोडियाहून भाडं खर्चून मुलाखतीला जायचं आणि तिथे आकडा ऐकून परत यायचं, हे आमच्या घरातल्या मुलांचं दर महिन्याचं चाललेलं आहे. माझा तो कारागीर तर वयाच्या अटीतच बाहेर पडला असता. पगाराची रक्कम आणि कामाची वेळ छापल्याशिवाय नोकरीची जाहिरात घ्यायची नाही, असा नियम आपल्या जाहिरात विभागाला घालता येईल का? घालता येत नसेल तर का, ते याच पानावर छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक
दांडिया बाजार, बडोदे