गाव बिनविरोध झालं की अभिनंदन छापता, माघार कोणी घेतली तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक गाव बिनविरोध, गुलालाने माखलेल्या लोकांचा फोटो आणि खाली "गावाने एकोप्याचा आदर्श घालून दिला". आमच्या गावात आत्ता तोच एकोपा तयार करायचं काम चालू आहे आणि तो कसा तयार होतो ते मी रोज बघतोय, म्हणून हे पत्र.

२०२१ च्या जानेवारीत राज्यात १४ हजारांच्या वर ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या, त्यातल्या दीड हजाराच्या वर बिनविरोध झाल्या. त्या सगळ्यांची पाच वर्षांची मुदत आता संपली आहे, आमचीही. आमच्या वॉर्डातून एक पोरगी उभी राहायचं म्हणतेय. वय चोवीस, बीएस्सी झालेली, घरी थोडा कांदा आणि दोन गाई. नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण तिच्या घरच्यांना आधीच पुरेसा ताप चालू आहे.

ती काही पुढारी वगैरे नाही. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा कागदावर दोन खेपा आणि गावात एकच, हे सगळ्यांना माहीत होतं पण वहीत तारीख-वेळ लिहून ठेवली तिने. म्हाताऱ्या बायकांचा निराधारचा पगार केवायसीमुळे अडकला तर त्यांना गाडीवर बसवून सेतू केंद्रात नेणारी पण हीच. आणि मग ती ग्रामसभेला यायला लागली.

ग्रामसभेचं सांगतो. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत, आणि १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, सह्या झाल्या की ग्रामसभा झाली, वर्षानुवर्षं असंच. एका १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ही उठली आणि म्हणाली जमाखर्च वाचून दाखवा. दप्तर कपाटात आहे, चावी नाहीये, असं उत्तर आलं. तिने मोबाईल काढला, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपली ग्रामपंचायत उघडली आणि पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कशाकशावर पडलेत ते एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागली. त्यात शाळेतल्या हँडवॉश स्टेशनचा खर्च होता. शाळा समोरच, आम्ही सगळे शाळेच्याच ओट्यावर बसलेलो, आणि तिथं एक नळसुद्धा नाही. कोणीतरी ओरडलं, "ए पोरी, बस खाली, तुला काय कळतं यातलं." तेव्हा मागून एक आजी उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाचू द्या तिला. आमच्या नातवंडांच्या शाळेचं चाललंय." त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेत नळ बसले, टाईल्ससकट. माझ्या आठवणीत आमच्या गावात प्रश्न विचारल्यावर काम झालं असं हे पहिल्यांदा घडलं.

आता अशी पोरगी उभी राहणार म्हटल्यावर गावाने खूश व्हायला पाहिजे की नाही? तर मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक झाली आणि तिच्या वडिलांना बोलावलं. तिला नाही, वडिलांना. यंदा गाव बिनविरोध करायचं ठरलंय, सगळ्या भावक्यांना वाटणी बसवलीय, तुमच्या पोरीमुळे निवडणूक लागेल, गावात फूट पडेल, पुढच्या वेळी आपण तिला नक्की घेऊ. हे सगळं गोड आवाजात बरं का. मग एकाने हळूच गावच्या सोसायटीच्या शेतीकर्जाचा विषय काढला, नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून नवं कर्ज उचलायचं असेल ना म्हणे. आणि उठता उठता दुसरा, "अण्णा, पोरीचं लग्न पण करायचंय तुम्हाला." माणूस खाली मान घालून घरी आला. मी त्या बैठकीला होतो आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या वाटणीत आमच्या वॉर्डाची जागा महिला राखीव धरूनच सगळं ठरलंय, आणि ती द्यायचीय एका पॅनल प्रमुखाच्या सुनेला, जी बिचारी आजवर एकाही ग्रामसभेला आलेली नाही, येऊ दिली असती तर आली असती कदाचित. ५० टक्के आरक्षण बायकांना मिळालं ते यासाठी का?

आमच्या बाजूच्याच देवळा तालुक्यातलं उमराणे लोकांना आठवत असेल. २०२१ च्या निवडणुकीत तिथं सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, पैसे देवळाच्या कामाला जाणार असं सांगितलं गेलं. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाख. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली तेव्हा चांगला गाजावाजा झाला. पण लिलाव उघड्यावर झाला, व्हिडिओ निघाला म्हणून ते सापडलं. सभामंडपात जे वडिलांच्या कानात सांगितलं जातं त्याचा व्हिडिओ निघत नाही. आणि परवा परवा, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, मोहोळ तालुक्यातल्या अनगरला उज्ज्वला थिटे यांना नगराध्यक्षपदाचा फॉर्म भरायला पोलिस बंदोबस्तात जावं लागलं आणि तरी छाननीत सूचकाची सही नाही म्हणून तो बाद झाला, नगरसेवकांच्या सगळ्या १७ जागा बिनविरोध. एका बाईला साधा फॉर्म भरायला पोलिस लागतात, मग एकोपा एकोपा म्हणतात तो हाच का?

आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत नोटाला, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" या बटणाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर कोणालाही विजयी करायचं नाही, तिथं परत निवडणूक घ्यायची. इतका चांगला नियम. पण एकच उमेदवार राहिला की मतदानच होत नाही, मशीनच येत नाही, मग नोटाचं बटण दाबणार कुठे? म्हणजे गावातल्या दहा माणसांनी सभामंडपात बसून बाकी सगळ्या मतदारांचा हक्क काढून घेतला.

बैठकीत हिवरे बाजारचं नाव निघालंच, ते निघतंच. पोपटराव पवार १९८९ ला बिनविरोधच सरपंच झाले होते ना, बघा गाव कुठल्या कुठे गेलं. खरं आहे, आणि पोपटरावांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथं काय झालं होतं ते नीट बघा. गावातल्या तरुणांनी एका शिकलेल्या तरुणाला पुढे केलं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी जागा सोडली. आमच्याकडे शिकलेल्या तरुण पोरीला मागे घ्यायला सांगतात म्हणजे बाकीचे आहेत तिथेच राहतील. आणि दुसरं, जे कोणी सांगत नाही, २०२१ ला त्याच हिवरे बाजारात तीस वर्षांनी निवडणूक लागली. समोर उमेदवार उभे राहिले, लोकांनी मतं दिली, पोपटरावांच्या पॅनलच्या सातच्या सात जागा आल्या. काम केलेल्या माणसाला मतदानाची भीती कशाला वाटेल?

बिनविरोध मागणाऱ्या सगळ्यांच्या मनात पापच असतं असं मी म्हणत नाही. निवडणुकीत भावाभावात बोलणं बंद होतं, पाच-पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, रात्री पार्ट्या चालतात, पोरं बिघडतात, हे मीही बघितलंय. २०२० ला पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध करणाऱ्या गावाला २५ लाखांचा निधी जाहीर केला होता तोही भांडणं टाळा, खर्च टाळा असंच सांगून. पण भांडणाची भीती असेल तर पार्ट्या बंद करा, पैसे वाटणं बंद करा. ते सोडून जिच्याकडे वाटायला पैसेच नाहीत तिलाच घरी बसवायचं, हे मला पटत नाही. आणि निधीचं म्हणाल तर तो लोकांच्याच कराचा पैसा, मतदान झालं काय नि न झालं काय, गावाचा हक्क तेवढाच.

ती अजून ठाम आहे. काका, वडिलांचं कर्ज मी दुधाच्या पैशातून फेडीन पण फॉर्म मागे घेणार नाही, असं मला म्हणाली. उमेदवारीला लागतात तशी एकवीस वर्षं पूर्ण आहेत, घरात शौचालय आहे, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या तिने आत्ताच फाईलला लावून ठेवल्यात, कारण थकबाकी दाखवून फॉर्म उडवतात हे तिला माहिती आहे. जातपडताळणीचा अर्जही करून ठेवलाय, आरक्षण कोणतंही निघो. सर्वसाधारण जागेला अनामत ५०० रुपये, राखीवला १००, एवढे तर तिच्याकडे आहेत. २०२० आणि २०२२ ला ऐन फॉर्म भरायच्या दिवसांत सर्व्हर बंद पडून शेवटी ऑफलाईन फॉर्म घ्यावे लागले होते, म्हणून पहिल्याच दिवशी भरणार म्हणतेय. वॉर्डातल्या आठ-दहा बायका रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जमतात, आमची मंडळीही जाते.

ती निवडून येईल की नाही मला माहीत नाही. पण आमच्या वॉर्डात मतदान झालं पाहिजे, आणि तिचं नाव मशीनवर दिसलं पाहिजे.

तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे. यंदा गाव बिनविरोध झाल्याची बातमी आली की फॉर्म किती आले होते, मागे किती घेतले आणि ज्यांनी घेतले ते काय म्हणतात, हे विचारल्याशिवाय छापू नका. माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत असते, त्या दिवशी तुमचा वार्ताहर सकाळपासून तहसील कचेरीत बसवा. कोण कोणाला कुठल्या गाडीत घालून आणतंय आणि सही करताना शेजारी कोण उभं आहे, ते त्याला तिथं दिसेल.

आपला नेहमीचा वाचक,
ता. सटाणा, जि. नाशिक